उंबरठ्यावरचे धर्मशास्त्र

जेरुसलेमच्या ज्या चौथऱ्यावर ज्यू लोकांची दोन्ही प्राचीन मंदिरे उभी होती, तेथे पाऊल ठेवायला ज्यू धर्मशास्त्राची मनाई आहे, आणि ती मुख्यतः ज्यूंनाच आहे. हिब्रूत या जागेला हर हबायित, म्हणजे घराचा डोंगर म्हणतात. घर म्हणजे देवाचे घर. मुसलमानांसाठी हीच जागा हरम अल-शरीफ आहे. खलिफा अब्द अल-मलिकने सातव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला खडकावरचा घुमट तिच्या मध्यभागी आहे आणि दक्षिण टोकाला अल-अक्सा मशीद आहे. पश्चिम भिंतीशेजारून मुघ्राबी दरवाजाकडे चढणाऱ्या वाटेवर इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाची पाटी आहे. या जागेच्या पावित्र्यामुळे तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, नियमानुसार येथे प्रवेश निषिद्ध आहे, असे ती सांगते. परदेशी पर्यटक ती वाचून पुढे जातो, तर देवभीरू ज्यूंपैकी बहुतेक जण त्या वाटेला लागतच नाहीत.

बाहेरच्या माणसाला ही बंदी बहुधा राजकीय तडजोड वाटते. जागा मुसलमानांच्या वहिवाटीत आहे, म्हणून रब्बींनी वाद टाळला, असे मानले जाते. प्रत्यक्षात बंदीचे मूळ उलट दिशेला आहे. जागा परकी झाली म्हणून ती नाही. जागा अजून तितकीच पवित्र आहे आणि माणूस मात्र तितका शुद्ध उरलेला नाही, या जाणिवेतून ती आलेली आहे. म्हणूनच बंदी पाळणारे आणि ती शिथिल करू पाहणारे, दोन्ही पक्ष एकाच ग्रंथांचा आधार घेतात आणि एकाच शिक्षेला भितात. त्यांचे भांडण तत्त्वापेक्षा मोजमापाचे अधिक आहे. हे ध्यानात घेतले नाही तर या वादातले काहीच नीट कळत नाही.

मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या मौखिक नियमांचा प्राचीन संग्रह, याच्या केलीम या प्रकरणात पावित्र्याची उतरंड दिली आहे. सगळ्या देशांहून इस्रायलची भूमी पवित्र, तिच्याहून तटबंदीची शहरे, त्यांहून जेरुसलेमच्या तटाच्या आतला भाग, त्याहून हर हबायित. पुढे खेल नावाची मोकळी पट्टी, स्त्रियांचे अंगण, इस्रायलींचे अंगण, पुरोहितांचे अंगण, वेदी आणि सभामंडपामधली जागा, गाभाऱ्यापुढचे दालन आणि शेवटी परमपवित्र गाभारा. गाभाऱ्यात फक्त महापुरोहिताने, तेही वर्षातून एकदा योम किप्पूरच्या दिवशी जायचे. पावित्र्य म्हणजे काय हे मिश्ना सांगत बसत नाही. कोणत्या पायरीवर कोणाला थांबावे लागते, एवढेच सांगते. ज्यू धर्मशास्त्रात पावित्र्याची व्याख्या अशी प्रवेशाच्या नियमांतूनच घडते.

या उतरंडीच्या मुळाशी वाळवंटातल्या छावणीची रचना आहे. मध्यभागी पवित्र तंबू, त्याभोवती तंबूची सेवा करणाऱ्या लेवी कुळाचे तळ, त्याभोवती बाकीच्या इस्रायलींचे. गणना या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात अशुद्ध माणसांना छावणीबाहेर ठेवण्याची आज्ञा आहे. पुढच्या पंडितांनी ती तीन छावण्यांवर विभागून लावली आणि जेरुसलेमच्या भूगोलावर ठेवली. शहर ही इस्रायलची छावणी, हर हबायित ही लेवींची आणि मंदिराची अंगणे ही शेखिनाची, म्हणजे ईश्वरी सान्निध्याची छावणी.

आजच्या वादाचा अर्धा भाग या विभागणीत दडलेला आहे. शरीरातून निघणाऱ्या स्रावांमुळे आलेली अशुद्धी असेल, म्हणजे मासिक पाळी, बाळंतपण किंवा वीर्यस्राव, तर लेवींच्या छावणीतही, म्हणजे संपूर्ण हर हबायितवर, प्रवेश नाही. मृताच्या स्पर्शाने आलेली अशुद्धी मात्र माणसाला फक्त आतल्या अंगणांपासून दूर ठेवते. खेलपासून आत त्याने जायचे नाही. मृताला शिवलेला माणूसच काय, खुद्द प्रेतही हर हबायितवर नेता येते असे मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ तलमूद म्हणतो. त्याला पुरावा म्हणून इजिप्तमधून निघताना मोशेने योसेफाच्या अस्थी स्वतःजवळ ठेवल्या होत्या हे दाखवतो. मोशे लेवी होता, म्हणजे त्या अस्थी लेवींच्या छावणीतच होत्या. आतल्या अंगणांत जाणूनबुजून अशुद्धपणे शिरणाऱ्याला कारेत, म्हणजे आपल्या लोकांतून छेदले जाणे, ही शिक्षा आहे. ती कोणतेही मानवी न्यायालय देत नाही. ती देवाच्या हाती असते, आणि म्हणूनच श्रद्धावंताला तिची धास्ती अधिक.

मराठी वाचकाला येथे सुतक आठवेल, पण साम्य थोडेच आहे. सुतक दिवस भरले की फिटते. मृताची ही अशुद्धी दिवसांनीही जात नाही आणि आंघोळीनेही जात नाही. तिच्यासाठी तांबड्या कालवडीची राख लागते. जिच्या अंगावर दुसऱ्या रंगाचे दोन केसही नाहीत, जिच्या मानेवर कधी जू ठेवलेले नाही, अशी कालवड जाळून तिची राख वाहत्या झऱ्याच्या पाण्यात मिसळायची आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी अशुद्ध माणसावर शिंपडायची. मग त्याने पाण्यात बुडी मारायची आणि सूर्यास्ताची वाट पाहायची. ही अशुद्धी म्हणजे पाप नव्हे. मृताला मूठमाती देणे हे ज्यू धर्मात थोर पुण्यकर्म आहे आणि तेच माणसाला अशुद्ध करते. माणूस मृत्यूजवळून आला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती राख कशी तयार होई, याचे मिश्नातील वर्णन थक्क करणारे आहे. जेरुसलेममध्ये खडकावर काही अंगणे बांधलेली होती. जमिनीखाली एखादी विसरलेली कबर असली तरी तिची अशुद्धी वर पोचू नये म्हणून त्यांच्या तळाशी पोकळी ठेवलेली होती. गरोदर स्त्रिया तेथे येऊन बाळंत होत आणि मुलांना तेथेच वाढवत. पुढे ती मुले बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या दारांच्या फळ्यांवर बसून, हातात दगडी पेले घेऊन शिलोहच्या तळ्यावर पाणी भरायला जात. मृत्यूचा वाराही न लागलेला एक तरी हात पाणी भरायला हवा, म्हणून एवढा खटाटोप. पंडितांच्या मते मोशेपासून मंदिराच्या विध्वंसापर्यंत अशा फक्त नऊ कालवडी जाळल्या गेल्या. दहावी मशीहा जाळेल, असे मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिडीस म्हणतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमधून पाच तांबड्या कालवडी इस्रायलमध्ये आणल्या गेल्या, तेव्हा जगभर चर्चा झाली ती याच कारणाने. राख उपलब्ध नाही, म्हणून आजचा प्रत्येक ज्यू मृताच्या अशुद्धीतच आहे असे धरले जाते. रुग्णालयात किंवा स्मशानात मृतासोबत एका छपराखाली कधीतरी उभा राहिला नसेल असा माणूस विरळाच. तेव्हा आतल्या अंगणांच्या जागी आज कोणीही ज्यू जाऊ शकत नाही, या मुद्द्यावर कर्मठ पंडितांमध्ये जवळजवळ एकमत आहे.

एवढे सगळे ज्या पायावर उभे आहे तो पाया मात्र वादातीत नाही. मंदिर इ.स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने जाळले. इमारत गेल्यावर जागेचे पावित्र्य टिकते का? मैमोनिडीसने बाराव्या शतकात मिश्ने तोरा या संहितेत याचे ठाम उत्तर दिले. इस्रायलच्या भूमीला पहिले पावित्र्य जिंकल्यामुळे आले होते. ती हातून गेली तेव्हा ते पावित्र्यही गेले. जेरुसलेम आणि मंदिर यांचे पावित्र्य शेखिनामुळे आहे आणि शेखिना कधी उठून जात नाही. लेवीय या ग्रंथात देव तुमची पवित्र स्थाने ओसाड करीन असे बजावतो, त्यातून पंडितांनी काढलेला अर्थ असा की ओसाड झाली तरी ती पवित्र स्थानेच राहतात. तलवारीने मिळालेले तलवारीने जाते, सान्निध्याने मिळालेले जात नाही, असा हा युक्तिवाद आहे. ज्यू विचारातली ही एक उंच जागा म्हणावी लागेल, कारण तिच्यात सत्ता आणि पावित्र्य यांची फारकत स्पष्टपणे केलेली आहे.

दक्षिण फ्रान्सचा राबाद, म्हणजे पोस्कियेरचा अब्राहाम बेन दाविद, याने मैमोनिडीसच्या संहितेवर तिखट टिपा लिहिल्या. येथे त्याने साफ विरोध केला. हे मत मैमोनिडीसचे स्वतःचे आहे, भविष्यात मंदिराला वेगळे, कायमचे पावित्र्य मिळणार आहे आणि म्हणून आज तेथे जाणाऱ्याला कारेत लागत नाही, असे त्याचे म्हणणे. तेराव्या शतकातल्या मेईरी या पंडिताने त्यात भर घातली की लोक तेथे जातात असे कानावर आहे. बंदी उठवू पाहणाऱ्यांना या दोन नोंदींचा मोठा आधार वाटतो. पण शिक्षा नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होतो का, हे राबादने स्पष्ट केलेले नाही. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी अब्राहाम आयझॅक कूक यांनी दीर्घ निवाडा लिहून राबादच्या मतानेही प्रवेश निषिद्धच ठरतो असे दाखवण्याचा प्रयत्न केला. व्यवहारात निकाल मैमोनिडीसच्या बाजूने लागला. सतराव्या शतकातील मागेन अब्राहाम आणि त्यानंतरची मिश्ना बेरुरा ही प्रमाण मानली जाणारी पुस्तके आजही प्रवेश करणाऱ्याला कारेत लागते असेच सांगतात.

लोक तेथे जात असत, हेही खरे. इ.स. ३३३ मध्ये बोर्दोहून आलेल्या एका ख्रिस्ती यात्रेकरूने लिहून ठेवले आहे की ज्यू वर्षातून एकदा येथल्या एका भोक पडलेल्या खडकाला तेल लावतात, शोक करतात आणि कपडे फाडतात. खुद्द मैमोनिडीसने ११६५ मध्ये जेरुसलेमला येऊन ‘महान आणि पवित्र घरात’ प्रार्थना केल्याचा उल्लेख त्याच्या नावावरील पत्रात आहे. ते घर म्हणजे हर हबायित की एखादे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, यावर अभ्यासक अजून भांडतात. मैमोनिडीस आपल्याच संहितेविरुद्ध वागला असे मानण्याची गरज नाही. चौथरा मोठा आहे आणि त्याचा सगळा भाग सारखा पवित्र नाही, हे त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते.

आता प्रश्न येतो मोजणीचा, आणि सगळ्या वादाची गाठ येथेच आहे. मिश्नातील मिद्दोत प्रकरणानुसार हर हबायित ५०० हात लांब आणि ५०० हात रुंद होता. आज दिसणारा चौथरा त्याहून बराच मोठा आहे. त्याची पश्चिम बाजू सुमारे ४८८ मीटर, दक्षिण बाजू सुमारे २८० मीटर भरते. ही वाढ मुख्यतः हेरोद राजाची. इ.स.पू. २० च्या सुमारास त्याने डोंगराभोवती प्रचंड आधारभिंती उभारल्या आणि भराव टाकून आवार दुप्पट केले, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. पण पवित्र जागा वाढवायची तर राजा, संदेष्टा, महापुरोहिताची उरीम-थुम्मीम ही दैवी कौल देणारी रत्ने आणि एकाहत्तर जणांची सान्हेद्रिन सभा, एवढे सगळे एकत्र लागते, असे मिश्नाच्या शेवुओत प्रकरणात म्हटले आहे. हेरोदाच्या काळी संदेष्टे संपले होते आणि ती रत्नेही नव्हती. म्हणजे त्याने वाढवलेला भाग दगडमातीने चौथऱ्याला जोडला गेला, पण पावित्र्याने नाही. परवानगी देणाऱ्या रब्बींचा सगळा युक्तिवाद या एका फटीतून आत शिरतो, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती फट खरी आहे.

अडचण अशी की मूळ ५०० हातांचा चौरस कोठे होता, हे ठरवायला एक पक्का बिंदू लागतो आणि हाताची लांबी लागते. दोन्हींवर मतभेद आहेत. रब्बी हाइम नाए यांच्या हिशेबाने हात ४८ सेंटिमीटरचा. हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या हिशेबाने जवळजवळ ५८ सेंटिमीटरचा. पहिल्या मापाने चौरसाची बाजू २४० मीटर येते, दुसऱ्याने सुमारे २८८ मीटर. पहिले माप आजच्या चौथऱ्यात ऐसपैस मावते. दुसरे दक्षिणेकडच्या भिंतीच्या लांबीत मावतसुद्धा नाही. दहा सेंटिमीटरांचा फरक, पण एका मापाने जी जागा मोकळी ठरते तीच दुसऱ्या मापाने कारेतच्या धोक्यात येते.

बिंदूच्या बाबतीत परंपरा बरीच स्थिर आहे. गाभाऱ्यात तीन बोटे उंच असा एक खडक होता, त्याला एव्हेन हश्तिया, म्हणजे पायाचा दगड म्हणत, असे मिश्नात आहे. घुमटाखालचा खडक तोच, असे सोळाव्या शतकात इजिप्तचे आणि पुढे जेरुसलेम व सफेदचे थोर पंडित रादबाझ यांनी निःशंकपणे सांगितले आणि त्यावरून पश्चिमेकडे किती अंतरापर्यंत जाता येईल याचा हिशेबही मांडला. बहुसंख्य अभ्यासक आज हेच मानतात. वास्तुतज्ज्ञ लीन रिटमायर यांनी घुमटाच्या ओट्याच्या वायव्य कोपऱ्यातली एक पायरी हा प्राचीन भिंतीचा अवशेष आहे असे दाखवून तिथून ५०० हातांचा चौरस आखला. पण हिब्रू विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आशेर कॉफमन यांनी मंदिर घुमटाच्या उत्तरेला होते असे मांडले, तर वास्तुरचनाकार तुव्हिया सागिव यांनी ते दक्षिणेला ओढले. उत्खननाने हा वाद मिटवता आला असता, पण त्या चौथऱ्यावर पद्धतशीर उत्खनन कोणालाच करता आलेले नाही. तोराच्या नियमाविषयी संशय असेल तर कडक बाजू धरायची, हा ज्यू धर्मशास्त्राचा मूलभूत दंडक आहे. शिक्षा कारेतची असेल तर तो अधिकच लागू होतो. सरसकट बंदीचे खरे समर्थन येथे आहे. अनिश्चितता मान्य करून घेतलेला हा निर्णय आहे, आणि तसाच तो समजून घेतला पाहिजे.

चौथऱ्याच्या पूर्व भिंतीत एक बुजवलेला दुहेरी दरवाजा आहे. ज्यू त्याला शाआर हराखामीम, दयेचा दरवाजा म्हणतात. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या, बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजाच्या पहिल्या सिनेगॉगचे नावही हेच आहे. नाव एक असले तरी दोन्ही ठिकाणचे कायदे फार वेगळे. सिनेगॉगला ज्यू परंपरा छोटे मंदिर म्हणते आणि त्याचाही आदर राखायला सांगते. ते ओसाड पडले तरी त्यातून आडवाट काढू नये, असा नियम आहे. पण सिनेगॉगच्या दारात शुद्धी-अशुद्धीची चौकशी होत नाही. मृताच्या घरून आलेला माणूस तेथे प्रार्थनेलाच येतो. मंदिराच्या विध्वंसानंतर जगभर पसरलेल्या ज्यूंचे धार्मिक जीवन चालू राहिले ते यामुळेच. शुद्धीची कडक रेषा एका डोंगरावर राहिली आणि प्रार्थना सगळीकडे मोकळी झाली.

परवानगी देणारे रब्बीही कोणालाही उठून वर जा म्हणत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे. वर जाणाऱ्याने आधी मिक्वेत, म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या जलकुंडात, पूर्ण बुडी मारायची. अंगाला पाणी लागायला आड येईल असे काहीही राहू द्यायचे नाही. चामड्याचे जोडे घालायचे नाहीत. मिश्ना हर हबायितवर काठी, जोडे, कमरेची पैशांची पिशवी आणि पायांवरची धूळ घेऊन जाऊ नये असे सांगते. थुंकू नये, जवळचा रस्ता म्हणून तो ओलांडू नये, असेही सांगते. माझ्या पवित्र स्थानाची भीड बाळगा या लेवीयमधल्या आज्ञेचा हा व्यावहारिक अर्थ, आणि मैमोनिडीसच्या मते मंदिर नसतानाही तो पाळायचा. निघताना पाठ न फिरवता मागे मागे सरकत निघावे, हेही त्यातच आले. आदर दगडाचा नाही, ज्याने आदर करायला सांगितले त्याचा आहे, असा खुलासा तलमूद करतो. मूर्तिपूजेविषयी इतक्या सावध असलेल्या धर्माला तो करणे भागच होते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. पाळीनंतर बुडी मारल्याशिवाय स्त्रीला वर जाता येत नाही. पण अविवाहित मुलींनी मिक्वेत जाण्याची रीत ज्यू समाजात नाही. चौदाव्या शतकातील पंडित रिवाश यांनी त्याची कारणे एका निवाड्यात दिली आहेत. त्यामुळे परवानगीच्या पक्षातही काही रब्बी अविवाहित स्त्रियांना मना करतात आणि काही केवळ या कारणासाठी बुडीला संमती देतात. एका दाराची किल्ली दुसऱ्याच दाराला लावायची असा हा पेच आहे, आणि त्याचा सगळा भार स्त्रियांवर पडतो.

बिगरज्यूंची गोष्ट निराळी. मृताच्या अशुद्धीचे तोराचे नियम त्यांना लागू होत नाहीत, तरी मिश्ना त्यांना खेलच्या आत येऊ देत नाही. मंदिराच्या काळी त्या सीमेवर, मिश्नानुसार दहा मुठी उंचीचा, एक जाळीदार कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत इशारे कोरलेले होते: परक्याने आत येऊ नये, आल्यास मृत्यूला तो स्वतः जबाबदार. असा एक अखंड शिलालेख क्लेर्मों-गानो यांना १८७१ मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलला आहे. दुसऱ्याचा तुकडा १९३५ मध्ये मिळाला. तेव्हा परक्याला अडवणारा दगड होता, आता ज्यूला अडवणारी पाटी आहे.

नियम इतका कडक असूनही त्यात वाटा ठेवलेल्या आहेत. मंदिराची डागडुजी करायची असेल किंवा आतली अशुद्ध वस्तू बाहेर काढायची असेल, तर शुद्ध पुरोहिताने जावे. तो नसेल तर लेवीने. शुद्ध कोणीच नसेल तर अशुद्धानेही जावे, असे तलमूदच्या एरुविन प्रकरणात आहे. गाभाऱ्याच्या दुरुस्तीसाठी कारागिरांना वरच्या मजल्यावरून पेट्यांत बसवून खाली सोडत. भिंत दिसावी, पण गाभाऱ्याच्या दर्शनाने डोळे निवू नयेत, म्हणून. छपरातून आत उतरणाऱ्याला कारेत लागत नाही, कारण तो नेहमीच्या रीतीने केलेला प्रवेश नव्हे, हाही तलमूदचा निवाडा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे ज्यू दानशूर मोझेस मॉन्टेफिओरी खुर्चीत बसून, दुसऱ्यांच्या खांद्यावरून या डोंगरावर गेले आणि जेरुसलेममधील कर्मठांचा त्यांच्यावर मोठा रोष झाला, ती हकीकत या नियमांच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. पाय जमिनीला लागले नाहीत म्हणून प्रवेश झाला नाही असे म्हणता येईल का, हा प्रश्न पुढे विमान आणि हेलिकॉप्टरच्या काळातही चर्चेत आला.

१९६७ पर्यंत हे सगळे बव्हंशी ग्रंथांतले प्रश्न होते. ७ जून १९६७ रोजी इस्रायली छत्रीधारी सैनिक हर हबायितवर पोचले आणि सैन्याचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांनी शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकला. युद्धानंतर लगेच मुख्य रब्बी इस्सेर येहुदा उंटरमन आणि यित्झाक निस्सीम यांनी प्रवेशबंदी जाहीर केली. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी चौथऱ्याचा दैनंदिन कारभार मुस्लिम वक्फकडेच राहू दिला. दोन्ही निर्णय एकाच सुमारास झाले, त्यामुळे ते एकच आहेत असा समज रूढ झाला. पहिल्याचा आधार धर्मशास्त्र होते, दुसऱ्याचा राजकारण. गोरेन यांना दोन्ही मान्य नव्हते. त्यांनी सैन्यातील अभियंत्यांकडून चौथरा मोजून घेतला, त्या वर्षीच्या तिशा बेआवला, म्हणजे मंदिरविध्वंसाच्या शोकदिनी, अनुयायांसह वर जाऊन प्रार्थना केली आणि पुढे १९९२ मध्ये आपली मोजमापे व निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. काही भागांत प्रवेश निःसंशय शक्य आहे, हे त्यांचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत मांडलेले होते आणि त्याला शास्त्राच्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. ओवादिया योसेफ, एलिएझर वाल्डेनबर्ग आदी अधिकाऱ्यांनी ते दिले आणि बंदी कायम ठेवली. १९९० च्या दशकात वेस्ट बँकमधील वसाहतींच्या रब्बींच्या समितीने मात्र प्रवेशाला उत्तेजन दिले, आणि तेव्हापासून धार्मिक राष्ट्रवादी ज्यूंमध्ये वर जाणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात एकेक उणीव आहे. सरसकट बंदीचा पक्ष कुंपणालाच मूळ नियम म्हणतो. तोराभोवती कुंपण घालणे हा पंडितांचा अधिकार आहे. पाटी वाचणाऱ्या हजारो लोकांपैकी कोणी बुडी मारली, कोणाला वाट ठाऊक आहे, हे पाटीला कळणार नाही, तेव्हा सर्वांनाच थांबवणे शहाणपणाचे आहे. पण चौथऱ्याच्या दक्षिण टोकाची पट्टी हेरोदाची भर आहे, असे बहुतेक अभ्यासकही मानत असताना तेथेही तोराचाच निषेध आहे असे लिहिणे म्हणजे सावधगिरीला आज्ञेचा दर्जा देणे होय. मैमोनिडीस कुंपण आणि आज्ञा यांत इतकी गल्लत कधीच करत नाही.

परवानगीच्या पक्षाची उणीव अधिक गंभीर आहे. गोरेन यांचे पाऊल मोजपट्टी घेऊन पडत होते. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांच्या बोलण्यात मोजपट्टी मागे पडली आणि सार्वभौमत्व पुढे आले. जो डोंगरावर राज्य करतो तो देशावर राज्य करतो, म्हणून वर जायचे, असे कारण दिले जाऊ लागले. मिक्वे, कापडी जोडे आणि कडेकडेची वाट पाळली जाते, हे खरे, पण युक्तिवादाचा पाया बदलतो. जिंकून मिळालेले पावित्र्य जिंकले गेल्यावर जाते. डोंगराचे पावित्र्य तसे नाही म्हणूनच ते टिकले, हे मैमोनिडीसचे सूत्र. जागेवरचा हक्क दाखवण्यासाठी तेथे जाणारा माणूस त्या पावित्र्याला पुन्हा जिंकण्याच्याच खात्यात टाकतो. राजकीय हक्काची बाजू न्याय्य असो वा नसो, तिचा निकाल प्रवेशाच्या धर्मशास्त्रातून लागत नाही. या जागेवर दुसऱ्या धर्माच्या लोकांची तेराशे वर्षांची भक्ती आहे आणि येथल्या प्रत्येक पावलाची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागू शकते. जीव वाचवण्याचा नियम ज्यू धर्मशास्त्रात जवळजवळ सगळ्या आज्ञांच्या वर आहे, आणि या वादात त्याचा उच्चार व्हायला हवा तितका होत नाही.

वर न जाणाऱ्यांसाठी पश्चिम भिंत उरते. तेथे रोज हजारो लोक दगडांना कपाळ टेकतात आणि चिठ्ठ्या फटींत सारतात. प्रवेशाचा प्रश्न तेथेही पाठ सोडत नाही. भिंतीच्या फटीत बोटे घातली तर तो हर हबायितमध्ये प्रवेश होतो का, अशी शंका काही कडक अधिकाऱ्यांनी काढली, कारण शरीराचा काही भाग पवित्र सीमेच्या आत नेणे हाही तलमूदच्या चर्चेत प्रवेशाचाच एक प्रकार आहे. ही भिंत हेरोदाच्या वाढीव आवाराची असेल तर ५०० हातांचा चौरस तिच्यापासून बराच आत आहे आणि बोटांना काही बाधा नाही. ती मूळ सीमेवरच असेल तर आहे. बहुतेकांनी पहिला पक्ष धरला. काही जण अजूनही भिंतीला तळहात लावतात आणि बोटे मात्र फटीबाहेर ठेवतात.